परफ्यूमची पहिली बाटली घेताना

पहिल्यांदा परफ्यूम घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगते: ज्या दिवशी वास घ्याल, त्या दिवशी बाटली घेऊ नका. मनगटावर लावून घ्या, दुकानाबाहेर पडा, आपली कामं उरका आणि संध्याकाळी तोच हात नाकाशी नेऊन बघा. तेव्हाही आवडला तर दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या. घरोघरी कपाटात ज्या जवळपास भरलेल्या बाटल्या पडून असतात, त्यातल्या बहुतेक पहिल्या दहा मिनिटांच्या वासावर घेतलेल्या असतात.

असं का होतं ते पुढे येईलच. त्याआधी बाटलीवर काय लिहिलंय ते वाचता यायला हवं.

बाटलीवरचा शब्द

बोलताना आपण सगळ्यालाच सेंट किंवा परफ्यूम म्हणतो. ‘आज सेंट मारलाय वाटतं?’ या प्रश्नात डिओही येतो आणि अत्तरही. बाजारात मात्र परफ्यूम हा शब्द तीन निरनिराळ्या कामांना वापरतात. एक म्हणजे अंगाला लावायचं कुठलंही सुवासिक द्रव्य. दुकानाची पाटी आणि जाहिराती या अर्थाने बोलतात. दुसरा अर्थ तीव्रतेचा. बाटलीवर नुसतं ‘परफ्यूम’ किंवा फ्रेंच पद्धतीने ‘पार्फ्यां’ लिहिलं असेल, तर सुगंधी अर्काचं प्रमाण सर्वांत जास्त. तिसरा अर्थ खोक्याच्या मागे, घटकांच्या बारीक अक्षरातल्या यादीत सापडतो. साबण, शाम्पू, क्रीम, अगदी भांड्यांच्या लिक्विडवरसुद्धा ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ असा एक शब्द असतो. तिथे तो एका पदार्थाचं नाव नसतो, अनेक सुगंधी पदार्थांच्या मिश्रणाला दिलेलं एकत्र नाव असतो. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांच्यासाठी हा तिसरा अर्थ सर्वांत महत्त्वाचा.

तीव्रतेचा हिशोब साधारण असा. पार्फ्यांमध्ये अर्क 20 ते 30 टक्के, ओ द परफ्यूममध्ये 15 ते 20, ओ द टॉयलेटमध्ये 5 ते 15, ओ द कोलोनमध्ये 2 ते 5. बाकी बहुतेक अल्कोहोल आणि थोडं पाणी. दुकानदार मधल्या दोघांना ईडीपी आणि ईडीटी म्हणतात. हे आकडे कुठल्या कायद्याने बांधलेले नाहीत, तो व्यवहारातला संकेत आहे. त्यामुळे एका कंपनीचा ईडीटी दुसऱ्या कंपनीच्या ईडीपीपेक्षा जास्त टिकू शकतो. शिवाय जास्त अर्क म्हणजे जास्त लांबवर दरवळ, असंही नाही. अल्कोहोल उडताना वास सोबत उचलून नेतं. ते कमी असलं की पार्फ्यां अंगाजवळ राहतो, जवळ आलेल्यालाच कळतो, पण तास न् तास टिकतो. एकाच नावाचे ईडीपी आणि ईडीटी पुष्कळदा नुसते घट्ट-पातळ नसतात, त्यांची कृतीच वेगळी असते. एकाचा वास घेऊन दुसरा घेऊ नका.

कोलोन हा शब्द आपल्याकडे जुना आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरात स्थायिक झालेल्या योहान मारिया फारिना या इटालियन माणसाने लिंबूवर्गीय फळांच्या सालींचा ताजा वास असलेलं एक पाणी बनवलं आणि त्याला शहराचं नाव दिलं. आपल्या आजीआजोबांना ते ठाऊक होतं कोलन वॉटरच्या घड्यांमुळे. ताप चढला की त्या कपाळावर ठेवत. अल्कोहोल भराभर उडतं म्हणून गार वाटायचं. अंगाला लावायला कोलोन आजही छान, फक्त ते दिवसभर टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. आंघोळीनंतरच्या दोनेक तासांचा ताजेपणा हेच त्याचं काम.

डिओ आणि अँटीपर्स्पिरंट यांची गल्लत फार होते. घामाला वास येतो तो त्वचेवरच्या जिवाणूंमुळे. डिओ त्यांना आवरतो आणि वर सुवास चढवतो, पण घाम येतोच. अँटीपर्स्पिरंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घाम कमी करतात. परफ्यूम यातलं काहीच करत नाही. घामावर मारलेला परफ्यूम घामात मिसळून आणखी वाईट वास देतो. आधी आंघोळ आणि कोरडं अंग, मग परफ्यूम.

दुकानात

जाताना अंगाला काही लावून जाऊ नका. डोक्याला वासाचं तेल नको, हाताला सुगंधी क्रीम नको.

पहिल्यांदा कागदाच्या पट्टीवर वास घ्या. पट्टीच्या टोकावर पेनाने नाव लिहा, नाहीतर पाच मिनिटांत कुठली कुठली ते कळेनासं होतं. फवारल्यावर लगेच नाकाशी नेऊ नका, अर्धा मिनिट थांबा. सुरुवातीला येतो तो अल्कोहोलचा झणका, तो जाऊ द्या. तीन-चार वासांनंतर नाक बधिरतं. काउंटरवर कॉफीच्या बियांची वाटी असते, तिचा खास उपयोग असल्याचं काही सिद्ध झालेलं नाही. त्यापेक्षा आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या किंवा बाहेर मोकळ्या हवेत जाऊन या. चारांतले दोन निवडा, एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. मनगटं एकमेकांवर घासू नका. घासल्याने कातडी तापते आणि सुरुवातीचा हलका वास लवकर उडून जातो. मग ‘धन्यवाद, विचार करून येते’ म्हणून बाहेर पडा. विक्रेता आजच्या सवलतीची आठवण करून देईल. सवलती परत येतात.

आता संध्याकाळपर्यंत काय होतं ते बघा. समजा मोगऱ्याचा एक परफ्यूम लावलाय. पहिली दहा-पंधरा मिनिटं मोगरा जवळजवळ नसतोच. नाकाला येते ती संत्र्याची किंवा लिंबाची साल, कारण ते रेणू हलके, सर्वांत आधी उडणारे. मग मोगरा उघडतो, गोडसर, आणि त्यात थोडा अनोळखी उग्रपणा. घाबरू नका. खऱ्या मोगऱ्यातही इंडोल नावाचा घटक असतो आणि गजरा रात्री उशिरा जरा मावळला की त्याचा जो जड वास येतो त्यात याचाच वाटा असतो. दोन-तीन तासांनी फूल मागे सरतं आणि तळाचे जड रेणू उरतात: चंदन, व्हॅनिला, कस्तुरीसारखा मऊ वास. हा तळ तुमच्या अंगावर सर्वांत जास्त वेळ राहणार आहे. दुकानात विकला जातो तो पहिला टप्पा, आणि तुम्ही दिवसभर वागवता तो शेवटचा. म्हणून संध्याकाळी हात हुंगायचा.

त्वचेप्रमाणेही फरक पडतो. तेलकट कातडीवर वास जास्त टिकतो, कोरडीवर लवकर विरतो. मैत्रिणीच्या अंगावर आवडलेला वास आपल्यावर तसाच येईल असं धरून चालू नका.

खोक्याकडे एकदा नीट बघा. परदेशी परफ्यूमवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणं आपल्या कायद्याने बंधनकारक आहे. ही माहिती नसेल, किंमत निम्म्याहून कमी असेल किंवा खोक्यावरचा बॅच क्रमांक बाटलीखालच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर घेऊ नका. पहिल्यांदा घेताना 100 मिलीची बाटली तर मुळीच नको. 10 किंवा 30 मिली पुष्कळ होते. मिलीचा भाव मोठ्या बाटलीत स्वस्त पडतो हे खरं, पण न वापरलेल्या परफ्यूमइतकं महाग काही नाही.

आणि ‘हे केमिकलचं आहे’ म्हणून नाक मुरडू नका. आधुनिक परफ्यूम उभाच राहिला तो प्रयोगशाळेतल्या रेणूंवर. 1882 मध्ये उबिगां या फ्रेंच घराण्याने कूमरिन हा प्रयोगशाळेत बनवलेला रेणू वापरून ‘फुजेर रॉयाल’ काढला. 1921 मध्ये एर्नेस्त बो यांनी शनेलसाठी ‘नंबर फाइव्ह’ बनवला, त्यात फ्रान्समधल्या ग्रास गावच्या जाईच्या अर्काबरोबर अल्डिहाइड नावाच्या कृत्रिम द्रव्यांची भरपूर मात्रा होती. काही फुलांतून अर्क काढताच येत नाही. लिली ऑफ द व्हॅलीचा वास कुठल्याही बाटलीत असला तरी तो माणसाने रचलेलाच असतो.

अत्तराच्या दुकानात

नवख्या माणसाने परफ्यूमच्या आधी अत्तरापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. दोन-तीन मिलीच्या कुपीत मिळतं, त्यात अल्कोहोल नसतं आणि एकेका फुलाची ओळख सुटी सुटी होते. गुलाब, केवडा, वाळा, हिना हे वास वेगवेगळे ओळखता आले की पुढे परदेशी परफ्यूममध्येही काय चाललंय ते नाकाला उलगडतं.

अस्सल अत्तराचं गाव उत्तर प्रदेशातलं कन्नौज. तिथल्या अत्तराला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. पद्धत जुनी आहे. तांब्याच्या मोठ्या डेगेत फुलं आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात, खाली लाकडं आणि गोवऱ्या पेटवतात. डेगेतून बांबूची नळी निघते ती पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ थंड होत जाते आणि फुलाचा वास तेलात मुरतो. आच किती ठेवायची आणि भपका कधी बदलायचा हे कारागीर हाताने चाचपून ठरवतात. भाजलेल्या मातीच्या चकत्यांपासूनही असंच अत्तर काढतात, त्याला मिट्टी अत्तर म्हणतात. मृगाची पहिली सर पडल्यावर अंगणातून येतो तोच वास त्या कुपीत असतो. त्या वासावर संशोधन करून 1964 मध्ये त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव देणाऱ्या बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनीही कन्नौजच्या या अत्तराची दखल घेतली होती. केवड्याची डेग मात्र ओडिशातल्या गंजाम भागात, किनाऱ्याजवळ, फुलं असतात तिथेच लावतात.

मुंबईत मोहम्मद अली रोडवर अत्तराची दुकानं ओळीने आहेत. तिथे गेल्यावर गर्दीने बुजून जाऊ नका, दुकानदार बसवून, एकेक कुपी उघडून दाखवतात. झाकणाला जोडलेली काचेची कांडी हाताच्या पाठीवर अलगद फिरवतात. तिथला वास घ्यायचा, तळहाताचा नाही. मग विचारायचं, ‘बेस काय आहे?’ बेस म्हणजे वास ज्यात मुरवलाय ते तेल किंवा द्रावक. हा एक प्रश्न विचारला की समोरचाही तुमच्याशी वेगळं बोलू लागतो. चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ अत्तर लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी या द्रावकात बनतं. त्याला चंदनाच्या बेसचा भाव देऊ नये. दुसरा प्रश्न, ‘डेगेचं आहे की कंपाउंड?’ कंपाउंड म्हणजे तयार सुगंध मिसळून केलेलं. परदेशी परफ्यूमच्या नावांनी जी ‘अत्तरं’ मिळतात ती सगळी कंपाउंडच.

भावावरूनही बरंच कळतं. एक किलो गुलाबतेल काढायला साधारण 3 ते 5 टन पाकळ्या लागतात. तेव्हा चहाच्या पैशात मिळणारं ‘शुद्ध गुलाब’ शुद्ध असू शकत नाही. दर तोळ्याने सांगतात; तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. पहिल्यांदा पाव तोळा घ्या.

सुरुवातीला काय घ्यावं? उन्हाळ्यासाठी वाळा. विदर्भात कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतात, पाणी पडल्यावर त्यातून येणारा ओला, मुळांचा वास ज्यांना आवडतो त्यांनी रूह खस, म्हणजे वाळ्याचा अर्क, हुंगून बघावं. तांब्याच्या डेगेतून आल्यामुळे त्याला हिरवी झाक असते. थंडीत हिना किंवा शमामा, दोन्ही मसालेदार आणि उबदार. केवडा फार तीव्र, गौरी-गणपतीत घरात दरवळला तर छान वाटतो, अंगाला मात्र अगदी टिपूस लावावा.

कस्तुरी आणि अंबर यांच्या बाबतीत खबरदारी घ्या. कस्तुरीमृग 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. ‘अस्सल कस्तुरी’ विकणारा एकतर कायदा मोडतो आहे किंवा तुम्हाला फसवतो आहे. आजच्या परफ्यूममधली मस्क प्रयोगशाळेतली असते आणि तीच योग्य. अंबरग्रीस, म्हणजे ज्याला बातम्यांत व्हेलची उलटी म्हणतात, तिचाही व्यापार भारतात बेकायदा आहे. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबई-पुण्यात त्यावरून अटका झाल्या आहेत. समुद्रकाठी कुणी असा गोळा दाखवला तर हातही लावू नका. वनखात्याला कळवा.

लावायचं कसं

आंघोळीनंतर, अंग कोरडं झाल्यावर, जरा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून त्यावर. मानेच्या बाजूला, छातीवर, कोपराच्या आत. ईडीपीचे दोन फवारे पुष्कळ, ईडीटीचे तीन-चार. अत्तराचा एक ठिपका मनगटावर आणि तेच बोट कानामागे. कापसाचा फाया कानाच्या पाळीत ठेवायची जुनी रीत अजूनही चांगली आहे, कातडीला अत्तर लागत नाही आणि वास दिवसभर हळूहळू येत राहतो.

आपल्याला वास येईनासा झाला म्हणून पुन्हा मारू नका. नाक सततच्या वासाला सरावतं, शेजारच्याचं सरावलेलं नसतं. लोकलच्या डब्यात, एसी ऑफिसात, लिफ्टमध्ये हे फार जाणवतं. दमा किंवा मायग्रेन असलेल्या माणसाला तुमचा आवडता वास खरोखर त्रास देऊ शकतो. दवाखान्यात आणि तान्ह्या बाळाला बघायला जाताना काहीच लावू नये.

सणासमारंभात तयार होताना क्रम लक्षात ठेवा: आधी परफ्यूम, मग साडी, मग दागिने. मोत्यांना अल्कोहोलचं वावडं आहे, त्यांची चमक कायमची जाते. नथ, तन्मणी, मोत्याची कुडी हे सगळं परफ्यूम वाळल्यावरच घाला. पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमावर थेट फवारू नका, आणि अत्तराचा हात तर लावूच नका. तेलाचा डाग निघत नाही. गजरा माळणार असाल तर त्या दिवशी परफ्यूम राहू द्या. दोन्ही एकमेकांना मारतात.

परफ्यूम ज्वालाग्राही आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवे लावलेल्या खोलीत, देवघरापाशी किंवा गॅसजवळ फवारायचा नाही. फवारून लगेच निरांजन हातात घ्यायचं नाही.

उन्हात जायचं असेल तर लिंबूवर्गीय वास उघड्या कातडीवर नको. बर्गामोटसारख्या फळांच्या तेलातले काही घटक उन्हात कातडी भाजतात, काळे डाग पडतात. तेव्हा कपड्याच्या आत लावा. हवेप्रमाणे वासही बदला. मे महिन्यात नागपुरात जड, गोड, ऊदाचे वास गुदमरवून टाकतात. उष्णतेने ते दुप्पट जोरात उठतात. तेच डिसेंबरात सुखाचे.

अंगाला सोसत नसेल तर

आता खोक्यामागच्या घटकांच्या यादीतला तो ‘परफ्यूम’. युरोपात काही ठरावीक सुगंधी घटक, अंगावर राहणाऱ्या वस्तूत 0.001 टक्क्यापेक्षा आणि धुऊन टाकायच्या वस्तूत 0.01 टक्क्यापेक्षा जास्त असले तर नावानिशी छापावे लागतात. 2023 मध्ये ही यादी वाढून 80 च्या वर गेली. म्हणून आयात मालावर लिनालूल, लिमोनीन, सिट्राल, युजेनॉल अशी नावं दिसतात. ही विषं नाहीत. गवती चहाचा वास सिट्रालचा, लवंगेचा युजेनॉलचा, संत्र्याच्या सालीचा लिमोनीनचा. पण ज्याला एखादा सोसत नाही, त्याला तो नैसर्गिक असला तरी सोसत नाही. म्हणून ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे नाजूक त्वचेला आश्वासन नाही.

नवीन काहीही आधी कोपराच्या आत थोडं लावून दोन दिवस बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर खोक्यावरच्या घटकांच्या यादीचा फोटो काढून ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. साबण-क्रीम निवडताना ‘फ्रेग्रन्स-फ्री’ शोधा. ‘अनसेंटेड’ त्याच अर्थाचं वाटतं, पण तसं नसतं. त्यात मूळ मालाचा वास दाबण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं.

ठेवायचं कुठे

उजेड, उष्णता आणि हवा यांनी परफ्यूम बिघडतो. बाथरूममध्ये नको, खिडकीत नको, उभ्या गाडीत तर नकोच. कपाटात, मूळ खोक्यातच. खोक्यावरच्या उघड्या डबीच्या चित्रात ‘36 एम’ लिहिलं असेल तर उघडल्यापासून 36 महिने. नीट ठेवला तर पुढेही चालतो. रंग गडद झाला आणि सुरुवातीलाच आंबूस वास येऊ लागला की अंगाला लावणं थांबवा. चंदनाच्या बेसचं अत्तर मात्र वर्षानुवर्षं मुरत जातं.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात बहुतेक ठिकाणी हातातल्या सामानात 100 मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही, ती अर्धी रिकामी असली तरी. मोजतात ते बाटलीचं माप. 10 मिलीची छोटी फवारणी बाटली भरून घ्या आणि मोठी घरीच ठेवा.